तांब्यातली खोली

या, असे पुढे सरका. दाराशी कशाला बसता? सतरंजी पार इथपर्यंत अंथरली आहे. पाणी प्यायचं असेल तर आत्ताच प्या, एकदा झांज वाजली की मला थांबता येत नाही. आज एका बाईची गोष्ट सांगायची आहे. बाई संत नव्हती, राणीही नव्हती. गोष्ट खरं तर अजून घडायचीच आहे. पण युगांपूर्वीचं आख्यान आपण काल घडल्यासारखं ऐकतो ना? मग उद्याचं काल घडल्यासारखं ऐकायला काय हरकत आहे? देवाच्या दारी कालची आणि उद्याची पंगत एकच.

तर गुहागरला द्वारका रेडीज नावाची बाई राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मागे सुपारीची बाग, पुढे ओटी आणि मधल्या खोलीत झोपाळा. कीर्तनाचं वेड असं, की बुवांनी पहिला आलाप घेतला की आज कुठलं आख्यान लागणार ते ओळखायची आणि शेजारणीला कोपराने ढोसून सांगायची. लक्ष्मीनारायणाच्या देवळात गोकुळअष्टमीचा सप्ताह बसला की तिची जागा ठरलेली, खांबाच्या उजवीकडे, पेटीच्या जवळ. कारण पेटीवर तिचा धाकटा भाऊ असायचा, दिगंबर खातू. बुवा सूर कुठे सोडणार हे दिगंबराला बुवांच्या आधी कळायचं, आणि दिगंबराचं मन कुठे आहे हे द्वारकेला त्याच्या बोटांवरून कळायचं.

या बाईने साठी ओलांडल्यावर फोटोग्राफी शिकायचं मनावर घेतलं. वाचनालयात रविवारी सकाळी फरहीन मुकादम नावाची मुलगी नवशिक्यांचा वर्ग घ्यायची. शिकवायची ते स्टिल लाइफ, म्हणजे न हलणाऱ्या वस्तूंचे फोटो.

"काकी, माणूस हलतो आणि वर तक्रार करतो, माझं नाक असं का आलं म्हणून," फरहीन पहिल्याच दिवशी म्हणाली. "लिंबू तक्रार करत नाही. म्हणून आपण लिंबापासून सुरुवात करायची."

"मॅडम, तू जरा हळू बोल," द्वारका म्हणाली. "माझं लिंबू अजून पिशवीत आहे."

फरहीनचं शिकवणं सोपं होतं. समोरून उजेड टाकला की वस्तू चपटी होते, बाजूच्या खिडकीतून टाकला की अंग धरते. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली कोळशासारखी काळी पडत नाही. बल्ब उघडा ठेवला तर सावलीची कड सुरीसारखी येते, मधे पातळ कापड धरलं तर मऊ होते. आणि एडिटिंग? "मिठासारखं करायचं काकी. घातलेलं कळता कामा नये, आणि नसलं तर कळलं पाहिजे." आणखी एक गोष्ट तिने बजावून सांगितली होती. चकचकीत भांडं घेऊ नका. घेतलंत तर वर थोडी टाल्कम पावडर उडवा, चमक मारली जाते.

तेवढी एक गोष्ट द्वारकेने ऐकली नाही.

घरचा अभ्यास होता तीन वस्तूंचा. तिने दोन लिंबं घेतली, तुळशीची मंजिरी घेतली आणि देवघरातला पितळी तांब्या घेतला. आता सांगा, देवाचा तांब्या फोटोला उभा करायचा तो पारोसा कसा करायचा? वर पावडर उडवायची? शिव शिव! तिने चिंच लावली, रांगोळीने घासला, पुसून पुसून असा लखलखीत केला की त्यात मिश्यासुद्धा कोरता आल्या असत्या. फोटो काढला. तांब्याच्या पोटावर एक पिवळट डाग दिसत होता, तो तिने एडिटिंगमध्ये बोट फिरवून पुसला. बाजूच्या सावल्या अजून गडद केल्या. आणि 'आजचं दर्शन' असं लिहून कीर्तन मंडळाच्या ग्रुपवर टाकून दिला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं वाहिली.

तो पिवळट डाग म्हणजे तिची भाची होती.

आता इथे थोडं शास्त्र सांगतो, घाबरू नका. उजेड फार जोरात धावतो, पण त्यालाही वेळ लागतो. एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले, तर त्यातल्या एका तुकड्यात तो जेमतेम फूटभर जातो. त्या काळातल्या फोनना हे फूटभराचं अंतर मोजता यायचं. फोटो काढताना फोन डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची एक फुंकर मारायचा आणि उजेडाचा कण न् कण किती उशिरा परतला त्याची नोंद ठेवायचा. लिंबावर आपटून सरळ आलेला कण आधी पोचतो. जो कण लिंबावरून भिंतीवर जातो, भिंतीवरून झोपाळ्यावर बसलेल्या माणसावर, तिथून परत तांब्यावर आणि मग फोनमध्ये, तो जरासा मागून येतो. मागून आलेल्या कणांची वाट उलटी चालत गेलं, की फोटोच्या चौकटीबाहेरची अख्खी खोली सापडते. भांडं जितकं चकचकीत, तितकी खोली स्पष्ट. वरचं चित्र तुम्ही हवं तितकं पुसा, काळं करा. वेळेची ती नोंद चित्राच्या खाली तशीच राहते. चेहऱ्याला रंग लावला म्हणून नाडी थांबत नाही, तसंच हे.

हे शोधलं होतं पडक्या घरांत अडकलेली माणसं सापडावीत म्हणून. चांगल्या कामासाठीच शोधलं होतं. पण त्याचं 'मागोवा' नावाचं अ‍ॅप झालं, आणि लोक चुलीपासून चव्हाट्यापर्यंत एकमेकांच्या फोटोंचे मागोवे काढू लागले. लग्न जुळवताना तर पत्रिकेच्या आधी मागोवा.

द्वारकेची भाची ईश्वरी, दिगंबराची एकुलती मुलगी, हिचंही लग्न ठरलं होतं. साखरपुडा झाला, मांडवाचं सामान आलं. आणि मुलाकडच्यांनी तिने हॉस्टेलवर असताना काढलेला एक फोटो शोधून काढला. फोटोत काय, तर चहाचा पेला आणि शेजारी दोन खारी. त्यांनी मागोवा काढला. पेल्याच्या पलीकडे कोणीतरी बसलेलं होतं. चेहरा नव्हता, नुसता आकार. टेबलावर टेकलेले कोपर.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"का?" ईश्वरी म्हणाली.

मुलाच्या काकांनी मग मोठ्या मनाने सांगितलं, "जाऊ दे पोरी. जे असेल ते असेल. आम्ही माफ केलं."

त्या 'माफ केलं'पाशी गोष्ट अडली. ईश्वरी सामान न घेता निघाली ती आत्याच्या मागल्या दारात येऊन उभी राहिली. "आत्या, मी काही केलेलंच नाही, त्याची माफी मी घेणार नाही," ती म्हणाली. "पण बाबांना सांगू नकोस मी इथे आहे. ते ओरडले तर मी ऐकणार नाही. पण ते रडतील. ते रडले की मी हो म्हणेन. मला माहीत आहे माझं."

"आधी हातपाय धू," द्वारका म्हणाली. "कुळथाची पिठी केली आहे."

दिगंबराने द्वारकेला फोनवर विचारलं होतं, काही कळलं का म्हणून. देवाला मानणाऱ्या बाईला खोटं बोलायचं नाही म्हटलं की किती वळसे घालावे लागतात बघा. ती म्हणाली, "दिगू, पोर सुखरूप आहे असं माझं मन सांगतं." तो म्हणाला, "तुझ्या तोंडात साखर पडो." फोन ठेवल्यावर तिला ती साखर दिवसभर कडू लागली.

आणि आता तांब्याचा फोटो टाकल्यावर, दुपारी ती ओटीवर वाती वळत बसलेली असताना फाटक वाजलं. दिगंबर. चप्पल न काढता पायरीवरच उभा राहिला आणि त्याने फोन पुढे केला. पडद्यावर तिचीच मधली खोली होती, धुक्यातून पाहावी तशी. भिंत. झोपाळ्याच्या कड्या. आणि झोपाळ्यावर एक गुडघा छातीशी घेऊन बसलेलं कोणीतरी.

"अक्का, झोपाळ्यावर कोण बसलंय?"

"माझ्या घरात मी एकटी असते होय?" द्वारका म्हणाली. "लक्ष्मीनारायण असतात."

"लक्ष्मीनारायण पंजाबी ड्रेस घालतात?"

द्वारकेला हसू आलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं. तिने वाती बाजूला ठेवल्या. "तू माझ्या फोटोचा मागोवा काढलास, दिगू?"

त्याची मान खाली गेली. "सगळ्यांच्याच फोटोंचे काढतो. मामाच्या, मावशीच्या, शेजाऱ्यांच्या. ग्रुपवर कुणी नुसतं जास्वंदीचं फूल टाकलं तरी काढतो. काय करू? घास उतरत नाही." मग आवाज चढवून म्हणाला, "यात नीट दिसत नाही. ग्रुपवर गेलं की नोंद पातळ होते. मला मूळप्रत दे. नाहीतर देवाच्या पायावर हात ठेवून सांग, ही ईशू नाही."

"दोन्ही करणार नाही."

"म्हणजे तीच आहे."

"म्हणजे मी दोन्ही करणार नाही," द्वारका उठून उंबऱ्यात उभी राहिली. फार उंच बाई नव्हती, पण दार भरलं. "लहानपणी तू माझं बोट धरून देवळात यायचास. आज तुला माझा शब्द पुरत नाही, तांब्याचा लागतो. जा घरी."

तो आत घुसू शकला असता. घुसला नाही. बहिणीच्या घरात न विचारता शिरायची त्याची रीत नव्हती. फाटकाशी जाऊन एवढंच म्हणाला, "मूळप्रत मिळेपर्यंत मी पेटीला हात लावणार नाही. काल्याच्या कीर्तनालासुद्धा नाही. बुवांना तूच सांग का ते."

आतून ईश्वरीने सगळं ऐकलं होतं.

द्वारका तडक फरहीनकडे गेली आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. फरहीनने कपाळावर हात मारला. "काकी, पावडर सांगितली होती ना मी!"

"देवाच्या तांब्यावर पावडर? तुमच्या मशिदीच्या दिव्यावर उडवशील?"

"नाही उडवणार," फरहीन म्हणाली. "बरं, चुकलं. पण मूळप्रत आता पुसून उपयोग नाही. पुसली की पुसल्याची खूण राहते. आणि भावाला खूणसुद्धा पुरेल."

"पुसायची नाहीच. पुढच्या फोटोंचं सांग. रोज दर्शन टाकते मी, एकाएकी बंद केलं तर लोक विचारतील."

मग फरहीनने तिला न दिसण्याची कला शिकवली. वस्तूभोवती चारी बाजूंनी पांढरं कापड टांगायचं, तंबूसारखं, फक्त फोनच्या डोळ्यापुरती फट. फोनची फुंकर कापडाबाहेर जातच नाही. वस्तू घ्यायच्या त्या खरखरीत. मातीची पणती, नारळाची शेंडी, भिजवलेले पोहे. उजेड सगळीकडून सारखा, सावली जवळजवळ नाहीच. द्वारकेने नवऱ्याची जुनी धोतरं काढली, दोरीवर टांगली आणि रोज फोटो टाकायला लागली. फोटो मोठे गोड यायचे, दुधात बुडवल्यासारखे. मंडळातल्या बायका म्हणायच्या, द्वारकाबाईंचा हात बसला हो. द्वारका मनातल्या मनात म्हणायची, हात नाही बसला बायांनो, कंबर कसली आहे.

इकडे देवळात दिगंबर कीर्तनाला यायचा आणि मागे खांबाला टेकून बसायचा. पेटीवर कुणी नवखा. बुवांचा सूर हवेत लोंबकळायचा, त्याला खाली उतरायला पायरीच नसायची. द्वारकेला ते ऐकवत नव्हतं. आख्यानात बुवांनी देवकीचा बंदिवास लावला होता. बाया डोळे पुसत होत्या, आणि द्वारकेच्या मनात आलं, कोंडणारा नेहमी कंसच असतो असं कुठे आहे? प्रेमाने कोंडतात त्यांचं आख्यान कुणी लावायचं?

दुसऱ्या दिवशी दिगंबराचा एकच संदेश आला. 'अक्का, तू फोटोंना पडदा लावायला लागलीस. रिकाम्या खोलीला कोणी पडदा लावत नाही.'

तिने तो ईश्वरीला दाखवला. ईश्वरी झोपाळ्यावर बसून तो पुन्हा पुन्हा वाचत राहिली. मग एकदम उठली आणि दोरीवरची धोतरं खेचून काढायला लागली.

"अगो, काय करतेस? फाटतील!"

"फाटू देत. आत्या, या मऊ उजेडात मी जास्तच ठळक दिसायला लागले आहे." तिने धोतरांचा बोळा कोपऱ्यात भिरकावला. "कुठवर लपू? आज झोपाळा आहे, उद्या दुसरं काही. त्यांनी पेल्यातून शोधलं, बाबांनी तांब्यातून. माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही, आणि मी मात्र चोरासारखी मागल्या दारातून बागेत जाते. ते शोधतायत म्हणून मी सापडते. मीच दाखवलं तर?"

"बाबा येईल. रडेल."

"रडू देत. मीही रडेन. रडत रडत नाही म्हणता येत नाही असं कुठे लिहिलं आहे?"

द्वारका देवघरात गेली आणि तांब्या घेऊन आली. पुन्हा चिंच, पुन्हा रांगोळी. दोघींनी मिळून घासला. बल्बवरचं झाकण काढलं, कापड नाही, पुठ्ठा नाही. सुरीच्या कडेसारखी सावली पडली. ईश्वरी झोपाळ्यावर सरळ बसली, पाय खाली, हनुवटी वर, तोंड तांब्याकडे. द्वारकेने फोटो काढला. एडिटिंगला हात लावला नाही. पुढे फरहीनने तो फोटो पाहिला तेव्हा म्हणाली, "नवशिक्याच्या सगळ्या चुका आहेत यात. उजेड कडक, चमक जळलेली, सावली काळी. काकी, हा फोटो मी वर्गात लावणार."

ईश्वरीने मूळप्रत वडलांना पाठवली आणि खाली लिहिलं, 'बाबा, मागोवा काढा. मी आहे. बसले आहे.'

दिगंबर सकाळी आला. त्या दिवशी काला होता. देवळाकडून झांजांचा आवाज यायला लागला होता, दहीहंडी बांधायला पोरं ओरडत होती. तो ओटीवर चढला, मुलीला समोर बघितलं, आणि जे होणार होतं ते झालं. म्हातारं होत चाललेलं माणूस हमसून हमसून रडायला लागलं. ईश्वरीचा बांधही फुटला. पण ती जागची हलली नाही.

"घरी चल," तो म्हणाला. "ते लोक अजून थांबले आहेत. अजून काही बिघडलं नाही."

"मी लग्न नाही करणार, बाबा."

"बरं, मग एवढंच सांग, ते टेबलापलीकडे कोण होतं? नुसतं नाव सांग. मी त्यांना सांगतो, मामेभाऊ होता. मिटलं."

"नाही सांगणार."

"मैत्रीण होती का?"

"नाही सांगणार, बाबा."

"अगं, मैत्रीण असेल तर सांगायला काय जातं तुझं?"

"सगळं जातं," ईश्वरी नाक पुसत म्हणाली. "आज पेल्यापलीकडचं सांगितलं, तर उद्या खिडकीपलीकडचं विचारतील. जन्मभर मी भांड्यांच्या साक्षी काढत बसू? तिथे कोणीच नसतं ना, तरीसुद्धा मी सांगितलं नसतं."

दिगंबर बहिणीकडे वळला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, नुसती काकुळत होती. "अक्का, तुला तर सांगितलं असेल तिने. तू सांग."

"मला माहीत नाही."

"सांगितलं नाही तिने?"

"मी विचारलं नाही."

"इतके दिवस पोर तुझ्या घरात आहे. आणि तू एकदाही विचारलं नाहीस?"

"विचारते ना. जेवलीस का, ते विचारते."

दिगंबर ओटीच्या कट्ट्यावर बसला. देवळातून नवख्याची पेटी ऐकू येत होती, सूर शोधत चाचपडत. दिगंबराची बोटं आपोआप गुडघ्यावर हलली. द्वारकेने ते पाहिलं.

मग त्याचाच फोन वाजला. मुलाचे काका. त्याने फोन उचलला, आणि पलीकडचं बोलणं ओटीवर सगळ्यांना ऐकू गेलं, कारण काकांचा आवाज मुळातच पंचांसारखा खणखणीत होता. "काय खातू, सापडली का मुलगी? काय म्हणते? कोण होतं ते कळलं का?"

दिगंबराने घसा साफ केला. "मुलगी नाही म्हणते."

"ते बघू हो आपण. पण होतं कोण ते?"

ईश्वरीने डोळे मिटून घेतले. द्वारकेने मनात नाव घेतलं, कुणाचं ते तिचं तिला आणि ज्याचं घेतलं त्या देवाला ठाऊक.

"ते मी तिला यापुढे विचारणार नाही," दिगंबर म्हणाला. "तुम्हीही विचारू नका. आणि माफीचं म्हणाल तर ती तुमच्याकडेच ठेवा, कधी लागली तर उपयोगी पडेल." त्याने फोन बंद केला. मुलीकडे न बघताच म्हणाला, "मला पटलंय असं समजू नकोस. अजून मला पटलेलं नाही."

"हो बाबा."

"पेटी वाजवून येतो. मग भांडू."

ईश्वरी रडता रडता हसली आणि पुढल्या दारातून, चारचौघांच्या देखत, बापाच्या मागोमाग देवळात गेली. बायांनी वळून वळून पाहिलं. कुणी कुजबुजलं, कुणी सरकून जागा दिली. ती खांबाच्या उजवीकडे जाऊन बसली.

माझी गोष्ट एवढीच. ती कोपरं टेबलावर टेकून बसलेली व्यक्ती कोण होती, हे मलाही ठाऊक नाही. तुम्हाला विचारावंसं वाटत असेल, तर आपल्या मनाचे कान धरा. आता काल्याचा प्रसाद वाटतील. लाह्या-दह्याचा तो घास ओंजळीत घ्याल, तेव्हा तोंडात घालण्याआधी क्षणभर थांबा, आणि दारी आलेल्या पोरीला जेवलीस का एवढंच विचारणाऱ्या द्वारका रेडीजची आठवण ठेवा.